‘कॉमेडी’ म्हणून लावली, पण हसू आले नाही : एका तक्रारीची पार्श्वभूमी

‘कॉमेडी आहे म्हणून लावली, दोन भाग संपले तरी हसू काही आले नाही,’ हे मत परदेशी मालिकांबद्दल घराघरांत ऐकू येते. जाणकार मंडळी ते ऐकून न घेता प्रेक्षकाची अभिरुची घडलेली नाही असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात या तक्रारीत तथ्य आहे. जी मालिका या प्रेक्षकाने हसण्यासाठी लावली, तिच्यावर ‘कॉमेडी’ हा शिक्का कोणी आणि कोणत्या कारणासाठी मारला, हे पाहिले म्हणजे ते लक्षात येते.

शब्दाचा गुंता जुनाच आहे. ‘चेरी ऑर्चर्ड’ हे रशियन नाटक १९०४ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा लेखक त्याला कॉमेडी म्हणत होता आणि दिग्दर्शकाने ते शोकनाट्य म्हणून बसवले. मराठी समीक्षेने ‘कॉमेडी’ला आधी सुखांतिका म्हटले. केवळ शेवटावरून नाटकाची जात ठरत नाही, असा आक्षेप आल्यावर सुखात्मिका हा शब्द पुढे आला. नाटक पाहायला जाणाऱ्या माणसाने मात्र हे दोन्ही शब्द कधी वापरले नाहीत. त्याच्या लेखी कॉमेडी म्हणजे विनोदी, आणि विनोदी म्हणजे ज्यात हसू येते ते.

१९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, फिल्म सोसायट्यांचा विस्तार झाला, १९६४ मध्ये पुण्यात चित्रपट संग्रहालय आले. पण या वाटेने परदेशी चित्रपटांपर्यंत पोहोचलेला वर्ग लहान होता. बहुसंख्यांचा परदेशी विनोदाशी परिचय झाला तो १९८०च्या दशकात, घरातल्या दूरचित्रवाणी संचावर. मंत्री आणि त्याचा सचिव यांच्यावरची ब्रिटिश मालिका ‘येस मिनिस्टर’ इथे पाहिली गेली, तेव्हा प्रत्येक चपखल वाक्यानंतर स्टुडिओतील प्रेक्षकांचे हसणे ऐकू येत असे. इंग्रजी पूर्ण न कळणाऱ्यालाही विनोद कुठे झाला हे त्यावरून समजे. अमेरिकेत १९५०च्या दशकापासून असे हसणे ध्वनिमुद्रित करून मालिकांना जोडले जात होते. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावरच्या ‘मॅश’ या मालिकेला अमेरिकी वाहिनीच्या आग्रहामुळे ते जोडावे लागले. शस्त्रक्रियेच्या दृश्यांतून ते वगळले जाई, आणि ब्रिटनमध्ये तीच मालिका या हसण्याशिवाय दाखवली गेली. ‘द ऑफिस’ ही ब्रिटिश मालिका २००१ मध्ये आली, ती हसण्याचा आवाज पूर्णपणे टाळून. त्यानंतर वेगळ्या वाटेच्या मालिकांनी हा आधार सोडून दिला. आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या हातून ती खूण अशी न सांगता काढून घेतली गेली, याची नोंद फारशी कोणी घेतलेली दिसत नाही.

यापेक्षा मोठा घोटाळा पुरस्कारांच्या नियमाने केला, आणि त्याबद्दल सविस्तर सांगणे आवश्यक आहे. अमेरिकी दूरचित्रवाणी क्षेत्रातील सर्वात प्रतिष्ठेच्या एमी पुरस्कारांसाठी २०१५ मध्ये असे ठरले की अर्ध्या तासाची मालिका ती कॉमेडी आणि तासाभराची ती गंभीर. कोणाला हे मान्य नसेल तर समितीकडे अर्ज करावा लागे. ‘ऑरेंज इज द न्यू ब्लॅक’ ही तुरुंगातील स्त्रियांवरची मालिका २०१४ मध्ये कॉमेडी गटात होती. नव्या नियमानंतर ती गंभीर गटात गेली. त्यातील एका अभिनेत्रीला एकाच भूमिकेसाठी २०१४ मध्ये कॉमेडीचा आणि २०१५ मध्ये गंभीर मालिकेचा पुरस्कार मिळाला. भूमिका बदलली नव्हती, बदलला होता तो रकाना. डिसेंबर २०२१ मध्ये लांबीची अट काढून टाकण्यात आली आणि गट निवडण्याचा अधिकार निर्मात्यांकडे गेला. वरवर पाहता ही सुधारणा होती. परंतु ज्या गटात स्पर्धा सोपी वाटेल तो गट निवडण्याची मुभाही तिने दिली, हे नाकारता येणार नाही. आत्महत्या केलेल्या भावाचे उपाहारगृह चालवणाऱ्या तरुणाची ‘द बेअर’ ही मालिका कॉमेडी गटात उतरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिने ११ पुरस्कार मिळवले. एका वर्षात एका कॉमेडीला मिळालेल्या पुरस्कारांचा तो तेव्हाचा विक्रम होता. भाजणाऱ्या तव्यांच्या गदारोळात एकमेकांवर ओरडणारी माणसे आणि मधेच कोंडलेले रडू पाहणाऱ्याने ‘यात कॉमेडी कुठे आहे?’ असे विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा कसा म्हणता येईल? मालिका उत्तम आहे, पण तिच्यावरची चिठ्ठी चुकीची आहे.

भाषांतराने गुंत्यात आणखी भर घातली. १९९४ मध्ये ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि डबिंगचा बाजार खुला झाला. पुढे ‘ताकेशीज कॅसल’ हा जपानी स्पर्धांचा कार्यक्रम हिंदी निवेदनासह मुलांच्या वाहिनीवर लोकप्रिय झाला. त्यातील विनोद मुख्यतः त्या हिंदी निवेदनाचा होता, तरी ‘जपानी लोक फार गमतीशीर’ असे मत त्यावरून तयार झाले. २०१६ मध्ये परदेशी ओटीटी सेवा आल्यावर मूळ आवाज आणि उपशीर्षके यांचा पर्याय घरात मिळाला. तरी दिवसभराच्या कामानंतर खालच्या दोन ओळी वाचत बसणे अनेकांना नकोसे होते, आणि डब केलेल्या आवाजात बोलण्यातला संकोच, थांबणे, अडखळणे हरवते. वेगळ्या वाटेच्या विनोदाचा जीव तर नेमका तेवढ्यातच असतो.

दक्षिण कोरियाचा ‘पॅरासाइट’ २०२० च्या सुरुवातीला आपल्याकडे चित्रपटगृहांत आला, तेव्हाही त्याला डार्क कॉमेडी म्हटले गेले. त्यात पावसाचे पाणी तळघरातल्या घरात छातीपर्यंत चढते, शौचालयातून काळे पाणी उसळत राहते, आणि घरातली मुलगी त्याच्या झाकणावर बसून ते दाबून धरते व वर लपवलेली सिगारेट काढून पेटवते. ‘मला तिथे हसू आले’ आणि ‘मला ते बघवले नाही’ अशी दोन्ही मते या दृश्याबद्दल आपल्याकडे ऐकू येतात. ज्याने स्वतःच्या घरातून पुराचे पाणी बादलीने उपसले आहे, तो बहुधा दुसरे मत देतो.