धक्का बसतो तेव्हा तुळईत काय घडतं?

पंधरा मीटर उंच माडावरून दीड किलोचा असोला नारळ सुटला, तर खाली येईपर्यंत त्याच्यात सुमारे 220 जूल ऊर्जा साठते. काँक्रीटची आघात सोसण्याची ताकद तपासणारी एक साधी चाचणी आहे. साडेचार किलोचा हातोडा 46 सेंटिमीटरवरून काँक्रीटवर ठेवलेल्या पोलादी गोळ्यावर पाडत राहायचा आणि तडा कितव्या ठोक्याला गेला ते मोजायचं. हा ठोका जेमतेम 20 जूलचा. म्हणजे एका नारळात अशा अकरा ठोक्यांची ऊर्जा! तरी आपल्याकडचे स्लॅब नारळांनी सहसा फुटत नाहीत, कारण सोडण, म्हणजे नारळावरचं काथ्याचं जाड साल, दबतं आणि धक्का लांबतो. ऊर्जा किती, याइतकंच ती किती वेळात उतरली यालाही महत्त्व आहे.

गोव्याच्या मांडवी नदीतली मालवाहू बार्ज जेटीच्या कडेच्या तुळईवर घासत येते, तेव्हा मध्ये बसवलेला रबरी फेंडर सोडणाचंच काम करतो. फेंडर निखळला असेल तर सगळा मार काँक्रीटवर. काँक्रीट दाबाला खंबीर, पण ताणाला त्याच्या जेमतेम एक दशांश. म्हणून आपण तुळईच्या खालच्या बाजूला सळ्या घालतो. संथ भाराखाली तुळई वाकते आणि ताण तिथेच येतो.

आघातात हा हिशेब बिघडतो. मधोमध मार बसला, की त्याची लाट काँक्रीटमधून सेकंदाला साडेतीन-चार हजार मीटर वेगाने निघते, पण वाकण्याचा परिणाम त्याहून सावकाश पसरतो. पहिल्या क्षणी टेकूंना भाराची खबरच नसते. तुळईचं स्वतःचं जडत्वच तिला जागेवर धरून ठेवतं आणि माराखालचा तुकडा एकटा लढतो. तिथे तिरपे तडे जातात, कधी काँक्रीटचा पाचरीसारखा तुकडा खाली ढकलला जातो. संथ चाचणीत सावकाश वाकून मोडणारी तुळई आघातात अशी कातरून तुटू शकते. काही वेळा तर वरच्या बाजूलाही तडे जातात, जिथे सळ्या कमीच असतात.

फायबरचं, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायच्या बारीक तंतूंचं, मोल मला इथे सर्वांत जास्त वाटतं. सळई आपण ठरवू तिथेच असते. फायबर सगळीकडे, सगळ्या दिशांना. 35 मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड पोलादी तार घेतली, तर घनमीटरला 40 किलोत सहा लाखांच्या आसपास तुकडे बसतात. तडा कुठेही जावो, काही तारा त्याला आडव्या येतातच. तारेचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं असतं. तडा रुंदावताना ते सरळ होत, काँक्रीट खरवडत बाहेर ओढलं जातं, आणि आघाताची ऊर्जा या ओढाताणीत खर्च होते. तार तटकन तुटली तर हा फायदा गेला, म्हणून ती भक्कम पोलादाची हवी.

फायबरने पहिला तडा जाणं फारसं लांबणीवर पडत नाही; पुढचं कोसळणं लांबणीवर पडतं. तुळईतल्या सळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या रिंगा मात्र काढता येत नाहीत, फायबर त्यांच्या जोडीला. गटारांवरच्या झाकणांना, ज्यांवर ट्रकचं चाक रोज आपटतं, ते फार शोभतं.

आपल्या खाऱ्या हवेत पृष्ठभागावरच्या तारांना गंज चढून तांबूस डाग पडतात. आतल्या तारा सुट्या असल्याने गंज सळईसारखा लांबवर पसरत नाही, पण तडा रुंद असेल तर तिथल्या तारा कमजोर होतातच. तारेऐवजी फायबर म्हणून काथ्या स्वस्त आणि हाताशी आहे, मात्र सिमेंटचा क्षार त्याला हळूहळू खातो. आणि साइटवर एक गोष्ट कटाक्षाने पाहावी: फायबर मिक्सरमध्ये एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात, गोळ्याच्या आत माल शिरत नाही, आणि तडा जायला तीच जागा मोकळी मिळते.