ज्ञात दोषांच्या चाचण्या: ‘अपेक्षित अपयश’ या नोंदीची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअरमधील दोष ठाऊक आहे, तो दाखवणारी चाचणीही तयार आहे, पण दुरुस्ती इतक्यात होणार नाही, अशा स्थितीत ती चाचणी तशीच चालू ठेवली तर प्रत्येक वेळी चाचण्यांचा संपूर्ण संच अयशस्वी ठरतो आणि हळूहळू नव्या अपयशाकडेही कोणी बघेनासे होते. त्यावर चाचणी बंद करून ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय. जावा भाषेसाठीच्या जेयुनिट या चाचणी-चौकटीच्या २००६ मधील चौथ्या आवृत्तीत त्यासाठी ‘इग्नोर’ ही खूण आली. मात्र बंद चाचणी चालतच नसल्यामुळे दोष परस्पर दुरुस्त झाला, तरी त्याचा पत्ता लागत नाही.

याहून चांगली वाट ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या डेजाग्नू या चाचणी-चौकटीने १९९० च्या दशकातच दाखवली होती. पॉझिक्स १००३.३ या मानकातील यश, अपयश, अनिर्णित, असमर्थित आणि न तपासलेले या पाच निकालांत तिने ‘एक्सफेल’ म्हणजे अपेक्षित अपयश आणि ‘एक्सपास’ म्हणजे अनपेक्षित यश यांची भर घातली. जीडीबी या डीबगरच्या, म्हणजे प्रोग्राममधील दोष शोधण्याच्या साधनाच्या, चाचण्यांत पुढे आणखी एक भेद रूढ झाला, आणि या सगळ्या इतिहासात मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो: कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) किंवा ऑपरेटिंग सिस्टिममुळे येणारे अपयश ‘एक्सफेल’, तर खुद्द जीडीबीतील दोषामुळे येणारे ‘केफेल’. ‘केफेल’ची नोंद करताना दोषाचा क्रमांक द्यावाच लागतो, त्यामुळे दोष कोणता आणि तो कोणी दुरुस्त करायचा, हे चाचणीतच लिहिलेले राहते. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या जगात हेच काम टीएपी या निकाल-स्वरूपातील ‘टूडू’ ही सूचना करते.

अशी चाचणी अचानक यशस्वी झाली तर काय मानायचे, यावर मात्र बराच काळ एकमत नव्हते. पायथन भाषेच्या युनिटटेस्ट या चाचणी-चौकटीमध्ये अपेक्षित अपयशाची सोय २००९ मध्ये ३.१ या आवृत्तीत आली, पण अनपेक्षित यशामुळे संच अयशस्वी ठरू लागला तो २०१४ मधील ३.४ पासून. त्याच वर्षी रुबी भाषेसाठीच्या आरस्पेक या चौकटीच्या तिसऱ्या आवृत्तीनेही ‘पेंडिंग’ (प्रलंबित) चाचण्या प्रत्यक्ष चालवून त्यांचे यश हे अपयश म्हणून नोंदवण्यास सुरुवात केली. माझ्या मते हेच योग्य आहे, कारण दुरुस्तीनंतरही खूण तशीच राहिली, तर तोच दोष पुन्हा उद्भवल्यावर तिच्याआड लपतो. पायथनच्याच पायटेस्ट या दुसऱ्या चौकटीमध्ये ही कडक वागणूक ‘स्ट्रिक्ट’ पर्यायाने मिळते. शिवाय तेथे ‘रेझेस’ पर्यायाने अपेक्षित अपवादाचा (एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम चालताना उद्भवणारी त्रुटी) प्रकारही ठरवून देता येतो, आणि मग वेगळा अपवाद आल्यास चाचणी सरळ अयशस्वी ठरते.