हरवलेली 40 मिनिटं

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला अकॅडमिक रीडिंगचा, म्हणजे वाचनाचा, पेपर देऊन आलेल्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली असते: वेळ पुरला नाही. मग पुढच्या खेपेसाठी वाचनाचा वेग वाढवायचा चंग बांधला जातो. हिशेब मात्र काही वेगळंच सांगतो.

पेपर 60 मिनिटांचा, उतारे तीन, प्रश्न 40. तिन्ही उताऱ्यांचे मिळून शब्द 2,150 ते 2,750. इंग्रजी मातृभाषा असलेला प्रौढ माणूस माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचतो तेव्हा त्याचा सरासरी वेग मिनिटाला 238 शब्द पडतो; मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 साली आधीच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून हा आकडा काढला. आपला वेग त्याच्या निम्मा, म्हणजे मिनिटाला 120 शब्द धरला, तरी 2,500 शब्द 21 मिनिटांत संपतात. उरलेली जवळजवळ 40 मिनिटं उत्तर कुठे आहे ते शोधण्यात, तेच वाक्य चौथ्यांदा वाचण्यात आणि दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात जातात. भरभर वाचून यातला फारसा वेळ वाचत नाही.

शिवाय डोळ्याला त्याची स्वतःची मर्यादा आहे. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण 7 ते 9 अक्षरांची असते आणि दोन उड्यांमध्ये नजर सुमारे पाव सेकंद थांबते. शब्द दिसतो तो या थांब्यात. एका थांब्यात उपयोगी पडेल असा मजकूर डावीकडे 3-4 आणि उजवीकडे 14-15 अक्षरांपुरताच. अख्खी ओळ किंवा परिच्छेद ‘एका नजरेत’ टिपण्याचे दावे इथेच गळून पडतात. सराईत वाचकाच्या दहातल्या एक-दीड उड्या मागच्या दिशेला असतात. 2014 साली शॉटर, ट्रॅन आणि रेनर या संशोधकांनी एका प्रयोगात वाचून झालेले शब्द झाकून टाकले, म्हणजे मागे वळून पाहायची सोयच ठेवली नाही. आकलन घसरलं. तेव्हा मागे जाणं ही वाईट सवय समजून मोडायला जाऊ नका. समज तिच्यामुळेच दुरुस्त होत असते.

मग सराव कशाचा? आधी दुखणं ओळखायचं. एक उतारा आणि त्याचे 13-14 प्रश्न घ्या, घड्याळ लावून 20 मिनिटांत निळ्या पेनाने सोडवा. उत्तरपत्रिका उघडू नका. थोडी विश्रांती घेऊन तोच उतारा, तेच प्रश्न, या वेळी घड्याळाविना, लाल पेनाने. प्रत्येक उत्तरासमोर ते ज्या वाक्यावरून दिलं त्या वाक्याचा ओळ क्रमांक लिहा. त्यानंतर तपासा. निळ्याने 13 पैकी 8 आणि लालने 12 आले, तर भाषा ठीक आहे. शोधण्याची पद्धत आणि वेळेची वाटणी सुधारायची आहे. दोन्ही वेळा 8 च आले, तर आणखी वीस मॉक टेस्ट दिल्या तरी काटा हलणार नाही. अडचण वाक्यांत, शब्दांत किंवा तर्कात आहे. रोज एक पेपर सोडवून नुसते मार्क मोजणाऱ्यांची प्रगती इथेच अडते.

वाक्यांची अडचण मराठी वाचकाला एका ठरावीक जागी येते. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं आणि विशेषणं नामाच्या आधी रांगेत उभी राहतात: ‘खडकातून झिरपणारं पाणी’. इंग्रजीत ही रांग नामाच्या मागे लागते. हे वाक्य पाहा: ‘द रेट अ‍ॅट विच द वॉटर दॅट सीप्स थ्रू द रॉक रीचेस द वेल डिपेंड्स ऑन द सीझन.’ कर्ता ‘रेट’, त्याचं क्रियापद ‘डिपेंड्स’, आणि मध्ये तब्बल 12 शब्द. त्या बारांत ‘सीप्स’ आणि ‘रीचेस’ ही दोन क्रियापदं दबा धरून बसलेली. घाईत वाचणारा ‘पाणी विहिरीत पोहोचतं, ते ऋतूवर अवलंबून’ एवढंच उचलतो. वाक्य पाण्याबद्दल नाहीच, वेगाबद्दल आहे, आणि प्रश्न नेमका त्यावर येतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: रोज अशी पाच लांब वाक्यं घ्या, मुख्य क्रियापदाभोवती चौकोन करा, त्याचा कर्ता अधोरेखित करा, मधला भाग कंसात टाका आणि मग ते वाक्य मराठीत मोठ्याने सांगा. सांगता आलं नाही, तर कळलेलं नाही.

शब्दसंग्रहाबद्दल थोडक्यात. मदतीविना नीट समजण्यासाठी उताऱ्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या 2006 सालच्या कामात धरलेलं आहे. 850 शब्दांच्या उताऱ्यात 17 अनोळखी शब्द चालतील. 95 टक्क्यांवर तेच 42-43 होतात आणि धागा तुटतो. तांत्रिक संज्ञा पाठ करत बसू नका. गरज असेल तिथे परीक्षेतच त्यांचा अर्थ दिलेला असतो. ‘डिराइव्ह’, ‘कन्स्ट्रेंट’, ‘सबसिक्वेंट’ असे सगळ्याच विषयांत भेटणारे शब्द आधी पक्के करा. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा 570 शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी प्रसिद्ध केली. अभ्यासकीय लेखनातले जवळपास 10 टक्के शब्द या एवढ्याशा यादीतले असतात.

आता सगळ्यांना छळणारा प्रश्नप्रकार: ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, त्याच्या उलट जातं, की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही, ते ठरवायचं. समजा उताऱ्यात एवढंच आहे: ‘16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीला तीन इंजिनं जोडली होती आणि 14 डब्यांत सुमारे 400 निमंत्रित बसले होते.’ विधान एक: गाडीला एकापेक्षा जास्त इंजिनं होती. ट्रू. विधान दोन: गाडी ठाण्याहून निघाली. फॉल्स, कारण उतारा उलटं सांगतो. विधान तीन: ही भारतातली पहिली प्रवासी गाडी होती. इथे मराठी माणसाचा हात आपोआप ‘ट्रू’कडे जातो. शाळेपासून घोकलेलं आहे ना! पण उताऱ्यात ‘पहिली’ असं कुठेच नाही. नॉट गिव्हन. विधान चार: पाहुण्यांनी तिकीट काढलं नव्हतं. निमंत्रित म्हणजे फुकटच, हे आपण धरून चालतो. उतारा तिकिटाबद्दल गप्प आहे, तेव्हा पुन्हा नॉट गिव्हन.

वाचताना मेंदू मोकळ्या जागा स्वतःच्या माहितीने भरत जातो. एरवी आकलन त्यावरच चालतं. या प्रश्नात मात्र तीच सवय घात करते. म्हणून ‘फॉल्स’ लिहिण्याआधी विधानाला खोडून काढणाऱ्या शब्दावर बोट ठेवा. बोट ठेवायला शब्दच सापडत नसेल, तर ते फॉल्स नव्हे. ‘ओन्ली’, ‘मोस्ट’, ‘मे’, ‘अंटिल’ हे शब्द विधानात दिसले की त्यांना गोल करा. विधान बहुधा त्यांच्यावरच फिरवलेलं असतं. या प्रकारातली उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतात, म्हणून चौथ्याचं आणि सहाव्याचं उत्तर सापडलं की पाचवं त्या दोघांच्या मधल्या ओळींत शोधायचं. तिथे काहीच नसेल, तर अख्खा उतारा पुन्हा पालथा घालू नका.

स्कॅनिंग, म्हणजे नजर फिरवून एखादी गोष्ट हुडकणं, हे विशेषनामं, सालं आणि आकड्यांपुरतं उत्तम. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नाही, त्यामुळे इंग्रजी मजकुरात कॅपिटल अक्षरं खुणेसारखी वापरायची सवय आपल्याला मुद्दाम लावावी लागते. बाकीच्या प्रश्नांत मात्र प्रश्नातला शब्द उताऱ्यात तसाच सापडत नाही. प्रश्नात ‘महाग’, तर उताऱ्यात ‘बहुतेकांना न परवडणारं’. जसाच्या तसा शब्द दिसला की उलट सावध व्हायला हवं.

परिच्छेदांना मथळे जुळवताना पहिलं वाक्य वाचून मोकळं होऊ नका. ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ने परिच्छेद कूस बदलतो आणि मुद्दा त्यानंतर येतो.

गाळलेल्या जागांत तर समजूनही मार्क जातात. सूचनेत दोनच शब्दांची मर्यादा असेल आणि तुम्ही ‘द’ धरून तीन लिहिले, तर शून्य. संयोगचिन्हाने जोडलेला शब्द एक धरतात. अनेकवचनाचा ‘एस’ राहिला किंवा स्पेलिंग चुकलं तरी मार्क गेला. चुकीच्या उत्तराला मार्क वजा होत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडायची नाही. रीडिंगनंतर उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही. साधारण 30 बरोबर आले की 7 बँड (या परीक्षेतली श्रेणी), 23 ला 6. मधल्या सात मार्कांतले दोन-तीन बहुधा या असल्या चुकांतच सांडलेले असतात, म्हणून लाल पेनाच्या फेरीत त्यांचा रकाना वेगळा ठेवा.