दम सोडता येत नाही तेव्हा

एक छोटा प्रयोग करून बघा. छाती भरून श्वास घ्या. सोडताना मात्र थोडासाच सोडा आणि त्यावरच पुढचा श्वास घ्या. पुन्हा थोडासा सोडा, पुन्हा घ्या. तीन-चार वेळांतच छाती ताठ होते, खांदे वर चढतात आणि आत हवेला जागाच उरत नाही. (ज्यांना दमा आहे त्यांनी या भानगडीत पडू नये, त्यांना हे ठाऊकच आहे.) दम्याचा अ‍ॅटॅक आलेला माणूस ‘श्वास घेता येत नाही’ म्हणतो. पण त्याची खरी अडचण आधीचा श्वास बाहेर पडत नाही, ही असते. फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. आपण तो शब्द उचलला आणि दम धरायला, खायला, द्यायला लागलो. दमेकऱ्याला नेमका तो सोडता येत नाही.

असं का होतं? छातीत शिरलेली श्वासनलिका दोन फाट्यांत विभागते, त्यांचे पुन्हा दोन, असं साधारण तेवीस वेळा होतं. टोकाकडच्या, एक मिलीमीटरहून बारीक नळ्यांना कूर्चेचा आधार नसतो. भोवती असतात फक्त स्नायूंची वेटोळी. श्वास घेताना फुप्फुस फुगतं आणि या नळ्यांना चहूबाजूंनी ताणून उघडं ठेवतं. सोडताना तो ताण ढिला पडतो आणि नळ्या मुळातच थोड्या अरुंद होतात. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. पण नळी आधीच अरुंद असेल तर ती सोडतानाच मिटते आणि हवा मागे अडकते. छातीतली शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना ऐकू येते, ती यामुळेच.

त्यात भौतिकशास्त्रही दमेकऱ्याच्या विरोधात. नळीतून हवा संथ वाहत असेल तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट. त्यामुळे सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी धापा टाकताना दिसला, तर तो नाटक करत नसतो.

नळी अरुंद होण्याची कारणं तीन. स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साठतो. यातलं आवळणं झटपट होतं, भीतिदायक असतं आणि औषधाने मिनिटांत सुटतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. माझ्या मते दम्याबद्दलचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. कारण रोगाचं मूळ सुजेत असतं, आणि ती दोन अ‍ॅटॅकच्या मधल्या शांत दिवसांतही आत धुमसत असते. सुजलेलं अस्तर हळवं होतं. धूळ, धूर, परागकण, थंड कोरडी हवा, साधी सर्दी, कधी पोट धरून हसणंसुद्धा त्याला पुरतं. धुळीतले सूक्ष्म किडे चावत नाहीत. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं हा अनेकांचा वैरी असतो. रात्री शरीरातलं कॉर्टिसॉल हे सूज आवरणारं संप्रेरक नीचांकाला जातं, म्हणून पहाटे तीन-चारला खोकत उठणं ही दम्याची जुनी खूण आहे.

उपचारांचा इतिहास मात्र आवळणं सोडवण्याचाच. एकोणिसाव्या शतकात दमेकऱ्यांना चक्क सिगारेटी ओढायला देत, धोतऱ्याच्या पानांच्या! हा निव्वळ खुळेपणा नव्हता. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिनसारखी द्रव्यं नळी आवळणारा मज्जातंतूंचा निरोप अडवतात, आणि आजची टायोट्रोपियमसारखी औषधं त्याच वंशातली आहेत. फक्त धूर गेला, तेवढं बरं झालं. १९५६ मध्ये अमेरिकेत दाब दिला की मोजका फवारा देणारा पंप आला. तो बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाच्या दमा असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं होतं, माझं औषध स्प्रेच्या डब्यात का मिळत नाही? तो प्रश्न त्या पंपाच्या मुळाशी होता, असं सांगतात.

सोय झाली, आणि घातही झाला. १९६० च्या दशकात ब्रिटनसह काही देशांत दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली. आयसोप्रेनालिन या आवळलेली नळी सोडवणाऱ्या औषधाच्या जादा ताकदीच्या पंपांवर संशय गेला. पुढच्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या औषधाबाबत तोच प्रकार घडला. वाद वर्षानुवर्षं चालला, १९८९ मध्ये त्या औषधावर निर्बंध आले आणि मृत्यू घटले. औषधाच्या जोडीला मोह होता तो तात्पुरत्या आरामाचा: फवारा घेतला, बरं वाटलं, सूज मात्र तशीच वाढत राहिली.

सूज उतरवणारं स्टेरॉइड फवाऱ्यातून मिळू लागलं १९७२ पासून. पण रोज घ्यायचं, लगेच काही जाणवत नाही आणि नाव स्टेरॉइड, त्यामुळे ते टाळणारे फार. व्यायामशाळेत गाजणारी स्टेरॉइड्स वेगळी, ही वेगळी. २०१९ मध्ये ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक मंडळाने मोठ्यांसाठी आणि किशोरवयीनांसाठी शिफारसच बदलली: साल्ब्युटामॉलसारखं झटपट आराम देणारं औषध एकटं वापरू नका, सूज उतरवणारं औषध सोबत हवंच.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत २००० ते ४०००. गोळीतलं औषध सगळ्या अंगभर फिरून थोडं नळ्यांपाशी पोचतं. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट दुखऱ्या जागी जातो, अर्थात नीट घेतला तर. घाईत मारलेला फवारा घशाच्या भिंतीवर आपटून वाया जातो. म्हणून पुढे स्पेसर नावाची नळी लावायची, सावकाश श्वास आत ओढायचा, दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते आणि आवाज बसतो.

प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही खरं. वर्षानुवर्षं तंबाखूचा किंवा चुलीचा धूर छातीत गेलेल्यांना चाळिशीनंतर जडणारा सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट रोग वरवर तसाच दिसतो, पण त्यातलं नुकसान बरंचसं कायमचं असतं. फरक कळतो स्पायरोमेट्रीत: जोरात फुंकायचं, औषध घ्यायचं, पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर पारडं दम्याकडे झुकतं. एकदा नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं मात्र नाही, तो येतो-जातो. थकलेलं हृदयही फुप्फुसात पाणी साठवून रात्री धाप लावतं. स्वरयंत्राच्या पट्ट्या भलत्या वेळी मिटल्या तर आवाज श्वास घेताना, गळ्यातून येतो. आणि दमेकऱ्यांपैकी बहुतेकांचं नाकही चोंदलेलं असतं. अस्तर वरपासून खालपर्यंत एकच. नाक दुर्लक्षित ठेवून छाती सांभाळणं अवघडच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि ४ लाख ५५ हजार जण त्याने दगावले. यातले कितीतरी मृत्यू टाळता येणारे असतात. धोक्याची चिन्हं ओळखायला यंत्र लागत नाही: फवाऱ्याने आराम न पडणं, एका दमात वाक्य पुरं न होणं, ओठ निळसर दिसणं, गुंगी येणं. एक चिन्ह मात्र फसवं आहे. इतका वेळ घुमणारी शिट्टी एकाएकी थांबते आणि जवळच्यांना हायसं वाटतं. पण शिट्टी वाजायला हवा वाहावी लागते. माणूस तसाच धापा टाकत असताना छाती गप्प झाली, तर आत हवा जवळजवळ हलतच नाहीये, आणि त्या क्षणी त्याला थेट रुग्णालयात न्यायला हवं.