मांझिकर्ट की मिरिओकेफालोन: साम्राज्य नेमकं कुठे हरलं?

मांझिकर्टची लढाई 26 ऑगस्ट 1071 ची, मिरिओकेफालोनची 17 सप्टेंबर 1176 ची. दोन्हींत एका बाजूला कॉन्स्टँटिनोपलचा (आजच्या इस्तंबूलचा) ख्रिस्ती बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट, दुसऱ्या बाजूला सेल्जुक तुर्कांचा मुसलमान सुलतान, आणि दोन्ही सुलतानांच्या नावात ‘अर्सलान’. दोन्ही वेळा सम्राट हरला. ‘या लढाईनंतर आनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा आशियाई भाग, तुर्कांचं झालं’ हे वाक्य मांझिकर्टबद्दलही लिहिलं जातं आणि मिरिओकेफालोनबद्दलही. दुसऱ्या लढाईत हरलेल्या सम्राट मॅन्युएलने स्वतःच आपल्या पराभवाची तुलना मांझिकर्टशी केली होती, असं त्या काळचा इतिहासकार निकेतास कोनियातेस सांगतो. तेव्हा ही गल्लत आजची नाही. पण मला ती खटकते, कारण ती झाली की साम्राज्य का कोसळलं याचं उत्तरच चुकतं.

आधी नकाशा बघा. मांझिकर्ट म्हणजे आजचं मलाझगिर्त, तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, वान सरोवराच्या उत्तरेला. मिरिओकेफालोन तिथून शेकडो किलोमीटर पश्चिमेला, कोन्याकडे जाणाऱ्या डोंगराळ वाटेवर. नेमकी खिंड कोणती यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. 1071 मध्ये सम्राट पूर्वेची वेस राखायला गेला होता. 1176 मध्ये त्याच्या वारसाला आनातोलियाच्या मध्यावरचं कोन्या जिंकायचं होतं, कारण ती आता तुर्कांची राजधानी होती. मधल्या 105 वर्षांत सरहद्द किती मागे आली, हे या दोन ठिकाणांवरूनच कळतं.

सुलतानही एका घरातले वाटतात, पण तसे नाहीत. मांझिकर्टचा आल्प अर्सलान हा मध्य आशियापासून इराकपर्यंत पसरलेल्या थोरल्या सेल्जुक सत्तेचा धनी. किलिज अर्सलान दुसरा हा फक्त आनातोलियातल्या, कोन्याच्या सल्तनतीचा. त्याचा पूर्वज कुतलमिश तर आल्प अर्सलानविरुद्ध बंड करून लढाईत मेलेला भाऊबंद.

आता मांझिकर्ट. सम्राट रोमानोस चौथा दिओजेनिस मोठी फौज घेऊन पूर्वेला गेला. फौजेत आर्मेनियन होते, नॉर्मन भाडोत्री होते, आणि खुद्द तुर्कवंशाचे ओगूझ घोडेस्वारही होते. त्यातले काही लढाईआधीच पलीकडे जाऊन मिळाले. सुलतान तेव्हा इजिप्तच्या फातिमी खलिफांवर चालून जाण्याच्या बेतात आलेप्पोपाशी होता. बातमी कळताच तो माघारी वळला. रोमानोसने मात्र फौज विभागून एक मोठी तुकडी वान सरोवराकाठच्या अहलातकडे धाडली होती. ती तुकडी लढाईला आलीच नाही.

सुलतानाने तहाचा निरोप पाठवला, तो सम्राटाने फेटाळला. शुक्रवारी दिवसभर बायझंटाईन फौज पुढे सरकत राहिली आणि तुर्क बाण सोडत मागे हटत राहिले. संध्याकाळी छावणी फार लांब राहिली हे पाहून सम्राटाने निशाण मागे वळवलं. ते पाहून काही तुकड्यांना वाटलं सम्राट पडला. आणि नेमक्या त्याच वेळी मागच्या राखीव फौजेचा सरदार आंद्रोनिकोस दुकास आपली माणसं घेऊन छावणीकडे निघून गेला. फौजेबरोबर असलेला इतिहासकार मिखाएल अत्तालेयातेस लिहितो की दुकासने हे ठरवून केलं.

का केलं असेल? रोमानोस हा आधीच्या दुकास सम्राटाच्या विधवेशी, राणी युदोकियाशी, लग्न करून गादीवर आला होता. आंद्रोनिकोस हा त्या मेलेल्या सम्राटाचा पुतण्या. म्हणजे रणांगणावर अर्धी लढाई भाऊबंदकीची होती.

सम्राट वेढला गेला, जखमी झाला, पकडला गेला. आल्प अर्सलानने त्याला जमिनीवर लोळवून मानेवर पाय ठेवला, मग उठवून शेजारी बसवलं. ‘मी तुझ्या हाती सापडलो असतो तर काय केलं असतंस?’ या सुलतानाच्या प्रश्नाचा संवाद इतिहासकारांनी वेगवेगळ्या शब्दांत दिला आहे. शेवट सगळीकडे एकच: आठवडाभर पाहुण्यासारखं ठेवून, खंडणीचा करार करून सुलतानाने त्याला सोडून दिलं.

पुढचं मला लढाईपेक्षा महत्त्वाचं वाटतं. राजधानीत दुकास घराण्याने युदोकियाच्या मुलाला, मिखाएल सातव्याला, एकट्याने गादीवर बसवलं. परत आलेल्या रोमानोसशी ते लढले, आणि 1072 मध्ये जिवाची हमी देऊन त्याला शरण आणलं. हमी द्यायला धर्मगुरू उभे होते. तरीही त्याचे डोळे काढले. जखमा चिघळून तो प्रोती बेटावर मेला. मुसलमान सुलतानाने जिवंत सोडलेला सम्राट त्याच्याच ख्रिस्ती सोयऱ्यांनी मारला. रोमानोसबरोबर सुलतानाशी झालेला करारही गेला.

आजचे बहुतेक अभ्यासक मानतात की मांझिकर्टला फौजेचा मोठा भाग वाचला होता. मग आनातोलिया गेलं कसं? पुढची दहा वर्षं साम्राज्यात एकामागून एक बंडं झाली, आणि गादीच्या प्रत्येक दावेदाराने तुर्कांनाच भाड्याने बोलावलं. 1078 मध्ये निकेफोरोस बोतानियातेस गादीवर आला तो कुतलमिशच्या मुलाच्या, सुलेमानच्या, मदतीने. थोड्याच वर्षांत निकाया शहर सुलेमानची राजधानी झालं. कॉन्स्टँटिनोपलपासून ते काही दिवसांच्या वाटेवर. तुर्कांना ही शहरं बऱ्याच अंशी आयती मिळाली. याच अडचणीतून सम्राट अलेक्सियोसने 1095 मध्ये पोपकडे मदत मागितली आणि पहिलं धर्मयुद्ध (क्रुसेड) निघालं.

मिरिओकेफालोनची कहाणी वेगळ्या वळणाची आहे. मॅन्युएल कोम्नेनोस आणि किलिज अर्सलान जुने ओळखीचे. 1162 च्या सुमारास सुलतान कॉन्स्टँटिनोपलला जाऊन मेजवान्या आणि खेळ बघत राहिला होता. 1176 मध्येही त्याने तहाची बोलणी लावली. अनुभवी सरदार ‘ऐका’ म्हणाले, मॅन्युएलने ऐकलं नाही.

वेढ्याची यंत्रं आणि गाड्यांमुळे फौजेची रांग दहा मैल लांब झाली होती, असं मॅन्युएलने नंतर इंग्लंडच्या राजा हेन्रीला लिहिलेल्या पत्रात म्हटलं आहे. अशी रांग त्याने नीट टेहळणी न करता अरुंद खिंडीत घातली. पुढची तुकडी पार झाली. मग वरून तुर्क तुटून पडले, उजव्या फळीचा सरदार अँटिओकचा बाल्डविन मारला गेला, गाड्यांनी वाट तुंबली. धुळीच्या वावटळीत आपला कोण, परका कोण हेही कळेना.

कोनियातेसने टिपलेला एक क्षण वाचताना अजून अंगावर काटा येतो. तहानलेल्या सम्राटाने आणलेलं पाणी तोंडाला लावलं तर रक्ताची चव. ‘ख्रिश्चनांचं रक्त चाखलं मी,’ असं तो हळहळला. शेजारचा एक जण म्हणाला, हे काही पहिल्यांदा नाही, प्रजेला पिळून काढताना तू ते कायमच पीत आलास. मॅन्युएलने निमूटपणे ऐकून घेतलं.

रात्री तो पळून जाण्याच्या विचारात होता, पण थांबला. सकाळी सुलतानाकडून तहाचा निरोप आला, सोबत घोडा आणि तलवार. अट एवढीच की दोरिलायोन आणि सुब्लायोन हे दोन किल्ले पाडायचे. मॅन्युएलने सुब्लायोन पाडला, दोरिलायोन ठेवला. चिडलेल्या सुलतानाची फौज मेआंदर नदीच्या खोऱ्यात लुटीला उतरली, तेव्हा मॅन्युएलचा सरदार योआनेस वाताझेसने तिला परतीच्या वाटेवर गाठून झोडपलं. कंबर मोडलेल्या राज्याला असा प्रतिहल्ला जमत नाही. गमावलं ते कोन्या परत घेण्याचं स्वप्न. आतलं पठार तुर्कांकडेच राहणार हे या पराभवाने नक्की झालं.

म्हणून ‘निर्णायक’ म्हणायचं तर मी दोन्हींना म्हणेन, पण एकाच अर्थाने नाही. मांझिकर्टनंतर दार उघडलं गेलं, आणि ते बरंचसं आतल्यांनी उघडलं. मिरिओकेफालोननंतर गेलेलं परत मिळण्याची शक्यता मिटली, पण हातातलं सुटलं नाही. निकाया याचा पुरावा आहे. मांझिकर्टनंतरच्या गोंधळात गेलेलं हे शहर 1097 मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या फौजांमुळे परत मिळालं आणि 1176 च्या पराभवानंतरही साम्राज्याकडेच राहिलं. 1204 मध्ये चौथ्या धर्मयुद्धातल्या ख्रिस्ती फौजांनीच कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तेव्हा पळालेल्यांनी निकायातच नवं दरबार मांडलं, आणि तिथल्याच राज्याने 1261 मध्ये राजधानी परत घेतली.