उद्भासन (छायाचित्रण)

छायाचित्र घेताना कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर जेवढा प्रकाश पडू दिला जातो, त्याला उद्भासन म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘एक्सपोजर’ हाच शब्द रूढ आहे. डिजिटल छायाचित्रण शिकताना चित्रचौकटीची रचना, रंग, संगणकावरील संस्करण असे बरेच काही शिकावे लागते. पण कॅमेरा ‘ऑटो’वरून काढून स्वतः चालवायचा, तर उद्भासन आधी समजून घ्यावे लागते.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर असतो. कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर अवघ्या १०० × १०० पिक्सेलांचा होता आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागत. सेन्सरचे काम तेव्हापासून तत्त्वतः तेच राहिले आहे : प्रत्येक पिक्सेलवर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युत्भार साठतो आणि त्याचे आकड्यांत रूपांतर होते.

हा प्रकाश किती असावा, हे भिंगाचे छिद्र आणि शटरचा वेग (सेन्सरपुढचा पडदा किती झटपट उघडून मिटतो ते) यांवर ठरते. छिद्राचे माप एफ-क्रमांकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतराला (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट पडते त्याला) छिद्राच्या व्यासाने भागले की हा क्रमांक मिळतो. म्हणून ५० मिमी. भिंगाचे छिद्र एफ/२ ला २५ मिमी., तर एफ/१० ला ५ मिमी. असते. आकडा लहान तेवढे छिद्र मोठे, हा नवशिक्याला हमखास गोंधळात टाकणारा उलटा हिशेब या भागाकारातून आला आहे. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत एकेक पायरी पुढे गेल्यावर छिद्राचे क्षेत्रफळ, आणि अर्थात प्रकाशही, निम्मा होतो. या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. मोठ्या छिद्राने विषय स्पष्ट राहून पार्श्वभूमी धूसर होते. छिद्र लहान केल्यास जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट दिसते. मात्र ते फारच लहान केले, तर विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेवरून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ पडते.

शटरचा वेग दुप्पट केला की प्रकाश निम्मा होतो. त्यामुळे एफ/८ व १/१२५ सेकंद या जोडीने जेवढा प्रकाश मिळतो, जवळजवळ तेवढाच एफ/४ व १/५०० सेकंद या जोडीनेही मिळतो. चित्रे मात्र वेगळी येतात, कारण पहिल्यात खोलवर स्पष्टता असते, तर दुसऱ्यात पळणारा विषय गोठतो. जोडी निवडणे हा म्हणूनच हिशेबाइतकाच पसंतीचाही प्रश्न आहे.

आयएसओ, म्हणजे चित्र किती उजळ करायचे ते ठरवणारा कॅमेऱ्यातील आकडा, वाढवल्याने सेन्सर अधिक संवेदनशील होतो, असे सर्रास सांगितले जाते. ते काटेकोर नाही. सेन्सरवर पडलेला प्रकाश तेवढाच राहतो, फक्त त्यापासून मिळालेला संकेत वाढवून चित्र उजळ केले जाते. चित्रात दिसणाऱ्या रवाळपणाचे, म्हणजे ‘नॉइज’चे, मुख्य कारण अपुरा प्रकाश हे असते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक दृश्याची उजळता साधारण मध्यम करड्या छटेइतकी आहे असे गृहीत धरतो. बर्फ किंवा पांढरी भिंत त्यामुळे मळकट येते आणि काळा विषय फिका पडतो. अशा वेळी उद्भासन हाताने, पांढऱ्यासाठी एक-दोन स्टॉप वाढवून व काळ्यासाठी कमी करून, दुरुस्त करावे लागते. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रावर विसंबणे धोक्याचे असते, कारण तेच चित्र उन्हात अंधारे व रात्री उजळ भासते. त्यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून (डावीकडे) पांढऱ्यापर्यंत (उजवीकडे) कोणत्या उजळतेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणारा आलेख, पाहावा : आलेख उजव्या कडेला टेकून कापला गेला असेल, तर उजळ भागांतील तपशील नाहीसा होत आहे. कमी उद्भासित सावल्या नंतर, नॉइज पत्करून, बऱ्याच उजळता येतात. पूर्ण पांढरा झालेला भाग परत आणता येत नाही. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या संस्करण न केलेल्या नोंदीत) प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पातळ्या उपलब्ध असतात, तर नेहमीच्या जेपेगमध्ये (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या लहान आकाराच्या चित्रफाइलमध्ये) प्रत्येक रंगाला २५६. दुरुस्तीला वाव रॉमध्ये जास्त असतो तो यामुळे.

छिद्र, वेग व आयएसओ यांचे आकडे प्रत्येक फाइलसोबत एक्झिफ या स्वरूपात आपोआप नोंदले जातात. फिल्मच्या काळात ही टिपणे बहुधा वहीत ठेवावी लागत. आता एकाच विषयाची वेगवेगळ्या छिद्रांनी घेतलेली चित्रे शेजारी लावून त्यांतील फरकाचे कारण लगेच तपासता येते.