एपिक्युरसचे ‘सुख’ : एका शब्दामागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२३ मध्ये हर्क्युलेनियम या, व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या प्राचीन रोमन नगरातल्या एका जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या गुंडाळीतून, ती न उलगडताच, ‘जांभळा’ अशा अर्थाचा एक ग्रीक शब्द वाचला गेला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच गुंडाळीतली दोन हजारांहून अधिक अक्षरे प्रसिद्ध झाली. बातम्यांचा सगळा भर क्ष-किरणांवर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर राहिला. मजकूर कशाविषयी होता, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. तो सुखाविषयी होता. एखादा खाद्यपदार्थ दुर्मीळ आहे एवढ्यावरून तो मुबलक मिळणाऱ्या पदार्थापेक्षा अधिक सुख देतो असे आपण लगेच मानत नाही, असे त्यात म्हटले आहे. हे लेखन बहुधा फिलोडेमसचे, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या परंपरेतल्या, इ. स. पू. पहिल्या शतकातल्या एका अभ्यासकाचे असावे. एपिक्युरसच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांनीही त्याच्या अनुयायांना हाच मुद्दा पुन्हा समजावून सांगावा लागत होता आणि त्याचे कारण एका शब्दाच्या इतिहासात आहे.

एपिक्युरसचा जन्म इ. स. पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर, तेथे वसलेल्या एका अथेन्सच्या कुटुंबात झाला. सिकंदराच्या मृत्यूनंतरच्या उलथापालथीत या वसाहतकऱ्यांना बेट सोडावे लागले. मितिलिनी आणि लाम्प्साकस येथे काही वर्षे शिकवून तो इ. स. पू. ३०६ च्या सुमारास अथेन्सला आला आणि ऐंशी मिनांना (मिना हे तेव्हाचे ग्रीक चलन) त्याने शाळेसाठी एक बाग विकत घेतली. या बागेत स्त्रियांना आणि गुलामांनाही प्रवेश होता, आणि तो नावापुरता नव्हता, कारण मृत्युपत्रात त्याने तीन गुलाम आणि एका दासीला मुक्त केल्याची नोंद आहे. इ. स. पू. २७० मध्ये मूतखड्याच्या असह्य वेदना चौदा दिवस सोसून तो वारला.

विश्व अणूंचे आणि पोकळीचे बनलेले आहे, देव माणसांच्या कारभारात लक्ष घालत नाहीत आणि मृत्यूनंतर संवेदनाच उरत नसल्याने मृत्यूला भिण्याचे कारण नाही, ही त्याची मते परिचित आहेत. वाद झाला तो ‘हेदोने’ या ग्रीक शब्दावरून. आपण मराठीत त्याला सरसकट ‘सुख’ म्हणतो. हेदोने हेच जीवनाचे साध्य, असे एपिक्युरस म्हणाला आणि तेथून त्याची बदनामी सुरू झाली. त्याच्या हयातीतच, बाग सोडून गेलेल्या एका माजी शिष्याने, गुरुजी खादाडपणामुळे दिवसातून दोनदा ओकतात अशी कंडी पिकवली होती. मेनोइकेउस या शिष्याला लिहिलेल्या पत्रात एपिक्युरसने स्वतःच खुलासा केला आहे की, सुख म्हणजे मद्याच्या बैठका, शय्यासुख किंवा उंची मासळीची ताटे असे त्याला मुळीच अभिप्रेत नाही; शरीराला वेदना नसणे आणि मन अस्वस्थ नसणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

या व्याख्येत खरी गुंतागुंत आहे. एपिक्युरस सुखाचे दोन प्रकार मानतो. तहान भागत असताना घोटाघोटाला वाटते ते एक, आणि तहान भागल्यावर जी स्थिती उरते ते दुसरे. पहिले चालते सुख आणि दुसरे स्थिरावलेले सुख, असे म्हणता येईल. त्याच्या मते दुसरे श्रेष्ठ होय. किंबहुना सुखाची कमाल मर्यादा तीच, कारण वेदना पूर्ण गेल्यावर सुख वाढत नाही, त्याचे केवळ प्रकार बदलतात. मधली, ना सुखाची ना दुःखाची, अशी तिसरी अवस्था त्याला मान्यच नाही. रोमन वक्ता आणि विचारवंत सिसेरोने नेमके येथेच बोट ठेवले. हेदोनेसाठी त्याने ‘वोलुप्तास’ हा लॅटिन शब्द वापरला आणि बजावले की, लॅटिन जाणणारा प्रत्येक जण या शब्दातून मनाची उसळी किंवा शरीराची गोड संवेदना एवढेच समजतो. वेदना नसण्याला कोणी वोलुप्तास म्हणत नाही. हा आक्षेप हुशारीचा आहे, पण न्याय्य नाही असे मला वाटते, कारण आधी अपुरा प्रतिशब्द निवडायचा आणि मग मूळ विचार त्यात बसत नाही म्हणून विचारालाच दोषी धरायचे, असा हा प्रकार आहे. मात्र सगळा दोष सिसेरोच्या माथी मारणेही बरोबर नाही. ल्युक्रेशियस हा रोमन कवी एपिक्युरसचा निस्सीम भक्त. त्याच्या महाकाव्याच्या पहिल्याच ओळीत वोलुप्तास हा शब्द आला आहे.

वेदनेचा अभाव हेच सुख का, हा प्रश्न आपल्या न्यायदर्शनाच्या, म्हणजे तर्कशास्त्राच्या परंपरेलाही पडला होता. डोक्यावरचे ओझे उतरल्यावर माणूस ‘मी सुखी झालो’ म्हणतो, हे उदाहरण तेथे मोक्षाच्या चर्चेत येते आणि निष्कर्ष असा निघतो की, हा सुख शब्दाचा केवळ औपचारिक, म्हणजे लाक्षणिक वापर आहे. प्रत्यक्षात फक्त दुःख गेलेले असते. दोन्ही परंपरांचा परस्पर संबंध होता असे मला येथे सुचवायचे नाही. पण त्या उदाहरणामुळे एपिक्युरसचे म्हणणे मराठी वाचकाला चटकन कळते. बाजारातला हमाल पोते टेकवून ‘हुश्श’ करतो, त्या हुश्शला नैयायिक नुसता दुःखाभाव म्हणेल; एपिक्युरस म्हणेल, हेच सुख, आणि याहून मोठे सुख नाही.

मराठीत त्याच्या मताला पुस्तकात ‘सुखवाद’ म्हणतात आणि बोलण्यात त्याचा थेट ‘चंगळवाद’ होतो. ‘समाधान’ हा शब्द मला अर्थाच्या अधिक जवळचा वाटतो, तरी तो वापरायला मन धजत नाही. समाधानाला आपल्याकडे सोसण्याचा, आहे ते गोड मानून घेण्याचा वास आहे, आणि एपिक्युरसने तर मुद्दाम रोजच्या वापरातला, शरीराशी जोडलेला शब्द निवडला होता. एका मित्राला त्याने लिहिले होते की, थोडे चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो की, येथे सुख हेच परमश्रेय मानले जाते अशी पाटी बागेच्या दारावर वाचून आत आलेल्या पाहुण्यापुढे जवाच्या पिठाचे साधे खाणे आणि भरपूर पाणी ठेवले जाई. ही पाटी आणि हे ताट एकत्र वाचले तरच तो शब्द कळतो.

पुढची शतके त्याच्यासाठी कठीण गेली. हिब्रू धर्मपरंपरेत ‘अपिकोरोस’ हा पाखंड्याला लावायचा शब्द झाला आणि इटालियन कवी दान्तेने एपिक्युरसला त्याच्या अनुयायांसह नरकातल्या जळत्या थडग्यांत टाकले. मध्ययुगात त्याचे मत मुख्यतः विरोधकांच्या तोंडून ऐकले गेले. चार्वाकांच्या वाट्यालाही हेच आले. कर्ज काढून तूप पिण्याची ती प्रसिद्ध ओळ आपल्याला खंडन करणाऱ्यांच्याच ग्रंथांतून माहीत आहे. फरक एवढाच की, एपिक्युरसची तीन पत्रे आणि चाळीस सूत्रे डायोजेनीस लाएर्शियसच्या चरित्रग्रंथाच्या दहाव्या भागात तगली. १४१७ मध्ये ल्युक्रेशियसचे काव्य एका इटालियन हस्तलिखित-शोधकाला जर्मन भूमीवरच्या मठात सापडले आणि युरोपात अणुवाद पुन्हा चर्चेत आला. १८४१ मध्ये मार्क्सने डॉक्टरेटसाठी आद्य ग्रीक अणुवादी डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्या निसर्गविचारांतला फरक हाच विषय घेतला.

१८८४ मध्ये आजच्या तुर्कस्तानातील ओइनोआंडा येथे कोरलेल्या दगडांचे तुकडे मिळू लागले. इ. स. च्या दुसऱ्या शतकात त्या गावच्या एका श्रीमंत वृद्धाने एपिक्युरसची शिकवण, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आणि परक्यांनाही वाचता यावी म्हणून, भिंतभर कोरून ठेवली होती; तिचा बराच भाग अजून मिळालेला नाही. हर्क्युलेनियमच्या ग्रंथसंग्रहात तर एपिक्युरसच्या स्वतःच्या ‘निसर्गाविषयी’ या सदतीस भागांच्या ग्रंथाचे अवशेष आधीच ओळखले गेले आहेत, आणि त्या संग्रहातल्या शेकडो गुंडाळ्या अद्याप बंदच आहेत.